सतरा नंबरच्या पोर्टवरचा माणूस

केबल खिडकीतून बाहेर गेली होती.

मी स्टुलावर चढून पाहत होते आणि पातुरकर सरांनी खालून स्टूल धरलं होतं. कृषिविद्या विभागाची ती मागची खोली. एका बाजूला बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मोडकी फवारणी यंत्रं आणि वर भिंतीवर आमचा स्विच, म्हणजे ज्या पेटीत त्या इमारतीतल्या सगळ्या संगणकांच्या केबली येऊन मिळतात ती पेटी. तेवीस केबली शहाण्यासारख्या भिंतीतल्या नळीत शिरल्या होत्या. सतरा नंबरची तेवढी खिडकीच्या गजातून निघून गेली होती.

"कुठं जाते?" सरांनी विचारलं.

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे शेतात, सर."

"शेतात काय आहे?"

मी वाकून पाहिलं. "तूर."

सरांनी स्टूल आणखी घट्ट धरलं. ते मूळचे मृदाशास्त्राचे. संगणक कक्ष त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आला होता, आणि गेल्या चार दिवसांत त्या कार्यभाराने त्यांची झोप उडवली होती. त्याला कारण मी होते.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि विदर्भातल्या एका कृषी महाविद्यालयात कंत्राटी नोकरीवर नेटवर्क सांभाळत होते. महाविद्यालय मोठं, इमारती विखुरलेल्या, एकूण एकतीस स्विच. यातला प्रत्येक स्विच स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. कोणतं पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खाच, कधी चालू झालं, कधी बंद झालं, कोणी आत यायचा प्रयत्न केला, कोणाची ओळख पटली, कोणाची नाही. तिला लॉग म्हणतात. पण या पेटीची स्मरणशक्ती तोकडी असते. काही शे ओळी झाल्या की जुनं पुसून नवं लिहिते, आणि वीज गेली की सगळंच विसरते. आमच्याकडे वीज रोज जायची.

म्हणून नोकरीला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात मी भंगारात काढलेला एक संगणक मागून घेतला, त्याला बॅटरी जोडली आणि एकतीसही स्विचना सांगितलं, तुम्ही जे लिहाल त्याची एक प्रत इकडे पाठवत जा. तेव्हापासून सगळ्या नोंदी त्या एका ठिकाणी साठत गेल्या. मला त्याचा भारी अभिमान होता. खरं सांगायचं तर चौदा महिन्यांत मी त्या एकदाही नीट वाचल्या नव्हत्या.

मग ऑगस्टमध्ये विद्यापीठाकडून पत्र आलं. सुरक्षा तपासणी होणार होती. कुठे कुठे अनधिकृत प्रवेशाचे प्रयत्न झाले, त्याचा अहवाल हवा होता. मी त्या संगणकाला विचारलं, चुकलेले पासवर्ड पोर्टवार मोजून दे. तीस स्विचवर कुठे पाच, कुठे दहा. माणसं पासवर्ड विसरतातच. आणि कृषिविद्येच्या स्विचवर, सतरा नंबरच्या पोर्टवर, फक्त जुलै महिन्यात तीनशे एकाहत्तर.

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचाही होता, लपवत नाही. मला चोर सापडला होता. मी तिथल्या तिथे पातुरकर सरांना पत्र लिहिलं, 'अज्ञात व्यक्तीकडून पासवर्ड ओळखण्याचे सातत्यपूर्ण प्रयत्न, त्यांपैकी बरेच यशस्वी.' सरांनी ते अधिष्ठाता डॉ. खंडागळ्यांकडे पाठवलं. परीक्षा विभागाच्या प्रश्नपत्रिका याच नेटवर्कवर असायच्या, त्यामुळे डॉ. खंडागळ्यांनी अर्ध्या तासात आम्हाला बोलावलं.

"शनिवारी मला नाव पाहिजे," ते म्हणाले. "सोमवारी मी पोलिसांत जातोय. आणि बोंद्रे मॅडम, हे तुम्ही शोधलंत, त्याची दखल घेतली जाईल."

केबिनमधून मी हवेत तरंगतच बाहेर पडले.

त्या दिवशी घरी जायच्या आधी मी पहिल्यांदा त्या पोर्टच्या नोंदी ओळीने वाचल्या. आणि मग मला काहीच कळेना.

रोज सकाळी साडेसातच्या आसपास पोर्ट चालू. मग ओळख चुकीची, ओळख चुकीची, ओळख चुकीची. मग ओळख पटली. पंधरा मिनिटांनी पोर्ट बंद. पुन्हा दुपारी अडीचच्या आसपास तेच. यात खंड नव्हता. रविवारी होतं, पंधरा ऑगस्टला होतं, दिवाळीच्या पाडव्याला होतं. पाडव्याच्या दिवशी सकाळी साडेसातला कामावर येणारा चोर कुठला? दुसरं म्हणजे मी महिन्यांची बेरीज केली. पहिल्या जूनमध्ये चुका पाच. ऑगस्टमध्ये अकरा. नोव्हेंबरात अठ्ठेचाळीस. जानेवारीत शहाण्णव. एप्रिलमध्ये एकशे नव्वद. जुलैत तीनशे एकाहत्तर. चोर जसजसा मुरतो तसतशा त्याच्या चुका कमी व्हायला हव्यात. याच्या वाढतच होत्या. शिवाय शेवटी तो बरोबर पासवर्ड टाकायचाच. म्हणजे त्याला तो येत होता. येत होता तर दर खेपेला सहा-सहा वेळा चुकत का होता?

पोर्टच्या पुढे कोण बसलंय हे लॉगमध्ये नव्हतं, आणि वायरिंगचा नकाशा कुठल्याशा ठेकेदाराबरोबर केव्हाच नाहीसा झाला होता. तेव्हा केबल धरून चालत जाणं एवढाच मार्ग उरला.

"शंभर मीटरच्या पुढे ही केबल चालत नाही," मी स्टुलावरून उतरत म्हणाले. "म्हणजे जे काही आहे ते त्या तुरीच्या पलीकडे, शंभर मीटरच्या आतच आहे."

पातुरकर सरांनी खिडकीतून डोकावलं. "अरे, तिकडे तर वेधशाळा आहे. हवामानाची. सरोदे असतात तिथे, निरीक्षक. फार जुना माणूस. पण त्यांच्याकडे संगणक आहे?" ते जरा थांबले. "त्यांच्या खोलीत कोणी पोरगं येऊन बसत असेल. सरोद्यांना विचारा, पण जपून. शंका यायला नको."

तेवढ्यात त्यांना अधिष्ठात्यांचा फोन आला, ते निघाले, आणि मी एकटीच मागच्या दाराने बाहेर पडले.

केबल बांधावरच्या बाभळींना सुतळीने बांधत बांधत नेली होती. मांडीएवढ्या तुरीतून, चिखल तुडवत मी तिच्या मागे मागे गेले. पलीकडे तारेच्या कुंपणात हिरवळीचा एक चौकोन होता. त्यात पर्जन्यमापक, वारा मोजायच्या फिरत्या वाट्या आणि चार पायांवर उभी असलेली झडपांची एक पांढरी लाकडी पेटी, कोरडा आणि ओल्या फडक्याचा असे दोन तापमापक ठेवायची. बाजूला पत्र्याची एक खोली. केबल त्या खोलीत शिरली होती.

पेटीचं दार उघडं होतं आणि एक बाई आत डोकं घालून उभी होती. चाळिशीची असेल. साडीवर पुरुषी शर्ट घातलेला, शेतावर रोजंदारीच्या बाया घालतात तसा. तिच्या मागे दोन पावलांवर पांढऱ्या सदऱ्यातला एक उंच, वाळका माणूस वही घेऊन उभा.

मी फाटकाशी गेले. "नमस्कार, मी..."

"थांबा जी," बाईने पेटीतून डोकं न काढताच हात वर केला. "वाचन चालू हाय."

मी थांबले.

"कोरडा, तीस दशांश चार," बाई म्हणाली.

"तीस दशांश चार," त्या माणसाने म्हटलं आणि जाड स्केच पेनने वहीत लिहिलं. आकडे एवढे मोठे, की मला फाटकातूनही वाचता आले.

"ओला, पंचवीस दशांश आठ."

"पुन्हा पाहा. डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवून."

"पंचवीस दशांश आठच हाय, भाऊ."

"पंचवीस दशांश आठ."

मी घड्याळात पाहिलं. दोन वाजून बावीस मिनिटं.

पेटीचं दार लागलं, तेव्हा तो माणूस माझ्या दिशेने वळला. माझ्याकडे नाही, माझ्या दिशेने. "कोण आहे?"

"मी हर्षदा बोंद्रे. संगणक कक्षातून आले."

"अरे! मॅडम, या या. तुमची सही पाहिली आहे, तुम्हाला आज भेटतोय. मी पुंजाजी सरोदे. ह्या गोकर्णाबाई इंगोले, प्रक्षेत्रावर मजूर आहेत, मला मदत करतात. बसा आत. मला फक्त दहा मिनिटं द्या, आकडे पाठवून घेतो. पुण्याच्या हवामान खात्याला वेळेत जावे लागतात."

खोलीत टेबलावर संगणक होता. कळफलकाशेजारी आमच्याच कक्षाचं परिपत्रक काचेखाली नीट दाबून ठेवलेलं. सरोदेभाऊंनी खुर्ची ओढली आणि नाक जवळजवळ कळफलकाला टेकवलं. एकेक बोट हवेत फिरवत, थांबवत, एकेक अक्षर दाबू लागले. एक कळ दिसली की तिच्या शेजारची हरवत असावी, कारण प्रत्येक अक्षरासाठी ते नव्याने डाव्या टोकापासून शोध घेत होते. पडद्यावर ठिपके उमटत होते. शेवटी त्यांनी एंटर दाबलं.

चुकलं.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चुकलं. गोकर्णाबाई दाराशी पाठमोरी उभी होती. मुद्दामच पाठमोरी.

तिसऱ्या वेळी चुकलं तेव्हा माझ्या डोक्यात सगळा हिशेब जुळला. चौदा महिने, पाचपासून तीनशे एकाहत्तरपर्यंत. ज्या चोराला मी पकडायला निघाले होते त्याचं डोकं माझ्यासमोर कळफलकावर वाकलेलं होतं आणि कपाळावर घाम आला होता.

"भाऊ," मी म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही."

त्यांचं बोट हवेत थांबलं. मग बोट खाली आणून त्यांनी पुढचं अक्षर दाबलं. "दिसतं. थोडं कमी दिसतं. नळीतून पाहावं तसं."

पाचव्या प्रयत्नाला पासवर्ड लागला. आकडे गोकर्णाबाईने वहीतून वाचून सांगितले, त्यांनी टाकले, पाठवले, आणि संगणक बंद केला. तेव्हाच ते माझ्याकडे वळले.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच संगणकाने. म्हणजे तिकडच्या स्विचने. प्रत्येक चुकीची नोंद माझ्याकडे येते, भाऊ."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. तारीख-वेळेसह."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती. आलं ते कुतूहल. "कधीपासून ठेवताय?"

"चौदा महिने झाले."

"खंड न पडता?"

"न पडता."

"वा," ते म्हणाले.

मी मात्र वैतागले होते. "पण पासवर्ड बाईंना का नाही सांगितला? त्या आकडे वाचतात, त्यांना अक्षरं येत असतील. त्यांनी टाकला असता तर एवढ्या चुका झाल्याच नसत्या."

"नववीपर्यंत शिकली मी," गोकर्णाबाई दारातून म्हणाली. "शंभरदा म्हनलं, मले सांगा, मी टाकतो. तर हे म्हनतात, नाही."

सरोदेभाऊंनी टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. "आपला पासवर्ड कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्या व्यक्तीस सांगू नये. तुमची सही आहे खाली, मॅडम."

होती. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मीच ते काढलं होतं. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. आधीचा त्यांचा पासवर्ड चार आकड्यांचा होता. तो ते डोळे मिटूनही टाकायचे.

मी खाली बसले. मग त्यांना सगळं सांगितलं. माझं पत्र, अधिष्ठाता, प्रश्नपत्रिका, शनिवारचं नाव, सोमवारचे पोलीस. गोकर्णाबाईने तोंडावर पदर धरला. सरोदेभाऊ शांतपणे ऐकत होते.

"दवाखान्यात का गेला नाहीत?" मी विचारलं.

"गेलो असतो तर लेखी आलं असतं. लेखी आलं की अनफिट. माझी दोन वर्षं उरली आहेत, ती गेली तरी चालेल. पण ही जागा एकदा रिकामी झाली की भरत नाहीत, मॅडम. शेजारच्या केंद्रावर तेच झालं. निरीक्षक गेला, कुंपणात आता शेळ्या चरतात. इथली नोंद त्रेसष्ट सालापासून आहे. एक दिवस चुकलेला नाही. पुरात नाही, संपात नाही. माझ्या हातून ती तुटू द्यायची नव्हती."

मी उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, सोपं आहे. मी सहज आवरू शकते. "भाऊ, ऐका. मी तुमचा पासवर्ड आजच साधा करून देते, आधीसारखा चार आकड्यांचा. उद्यापासून चुका बंद होतील. आणि शनिवारी मी लिहून देते की केबल खराब होती, उंदरांनी कुरतडली होती, म्हणून खोट्या नोंदी आल्या. माझ्यावर विश्वास ठेवतील. विषय संपला."

"नाही," सरोदेभाऊ म्हणाले.

"का?"

"खोटं लिहायचं असेल तर नोंद कशाला ठेवायची? एक दिवस मला यायला उशीर झाला, वीस मिनिटांचा. बत्तीस वर्षांत एकदा. मी शेऱ्यात लिहिलं, 'वाचन वीस मिनिटे उशिरा.' कोणाला कळणार होतं? पण तो आकडा वापरणाऱ्याला कळायला पाहिजे. तुमच्या चौदा महिन्यांत एक ओळ खोटी घातलीत, की बाकीच्यावर कोणी का विश्वास ठेवावा?"

उत्तर दिलं ते गोकर्णाबाईने. ती दारातून आत आली, कपाटावरची मोठी नोंदवही काढली आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

"मंग ह्या रकान्यात तुमची सही कशी, भाऊ?"

"कोणत्या?"

"'वाचन करणाऱ्याची सही.' वाचतो कोन? मी वाचतो. दिवाईपासून मीच वाचतो. अन् सही तुमची."

बाहेर वाऱ्याच्या वाट्या फिरत होत्या, त्यांचा बारीक करकर आवाज येत होता. गोकर्णाबाईचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढलेलाच होता. "मी म्हनून म्हनून थकली. डोये दाखवा, डोये दाखवा. मले आकडा इचारता, तुमचा आकडा कोन पाहीन?"

सरोदेभाऊंनी वहीवर हात फिरवला. पानाच्या कडेपर्यंत नेला आणि परत आणला. मग मला म्हणाले, "मॅडम, तुमची महिन्यांची बेरीज सोबत आहे?"

माझ्या पिशवीत कागद होता. 'अज्ञात व्यक्ती' असं शीर्षक टाकून मी तो शनिवारसाठी छापून ठेवला होता.

"वाचा."

मी वाचला. जून पाच. जुलै सात. ऑगस्ट अकरा. ते प्रत्येक आकड्याला मान हलवत होते, आणि ओठ हलत होते, गोकर्णाबाईचे आकडे लिहून घेताना हलत तसे. नोव्हेंबर अठ्ठेचाळीस. जानेवारी शहाण्णव. एप्रिल एकशे नव्वद. जुलै तीनशे एकाहत्तर.

"थांबा," ते म्हणाले. "जानेवारीपासून दर तीन महिन्यांनी जवळजवळ दुप्पट. पुढेही तेच धरलं तर..." त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे दिवाळीपर्यंत काही उरणार नाही. असा चढ आपोआप उतरत नाही. मी बत्तीस वर्षं आकडेच पाहतोय." थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटत होतं, हळूहळू जातंय. रोजच्या रोज पाहणाऱ्याला कळत नाही."

मग त्यांनी नोंदवही गोकर्णाबाईकडे सरकवली.

"पेन घे. शेऱ्याच्या रकान्यात लिही. आजची तारीख. 'गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून आजपर्यंतची सर्व तापमान वाचने माझ्या उपस्थितीत...' लिहिलंस? '...माझ्या उपस्थितीत श्रीमती गोकर्णा' पुढे काय लावतेस तू? पूर्ण नाव सांग."

"माहं नाव?"

"मग कोणाचं?"

"गोकर्णा भगवान इंगोले."

"लिही. '...यांनी केली आहेत. निरीक्षकाची दृष्टी अधू झाल्याने.' आता मला सही कुठे करायची ते दाखव."

तिने त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली. ती थोडी खालच्या ओळीवर गेली.

शनिवारी अधिष्ठात्यांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं गेलो. गोकर्णाबाई आत यायला तयार नव्हती, सरोदेभाऊंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत आणलं. रस्ता दिसायला तो हात हवाच होता. पातुरकर सर अहवालाचा फॉर्म घेऊन बसले होते. त्यात 'संशयिताचे नाव' असा एक रकाना होता.

"लिहा सर," सरोदेभाऊ म्हणाले, "पुंजाजी विश्वनाथ सरोदे."

त्यांनी सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. त्यानंतर मी बोलले. माझं पत्र घाईचं होतं, लॉग न वाचता लिहिलेलं होतं, हेही सांगितलं. डॉ. खंडागळे टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. रागीट म्हणून त्यांची ख्याती होती, आणि मी कंत्राट संपल्याचं पत्र मनात वाचायलाही सुरुवात केली होती.

"म्हणजे प्रश्नपत्रिका सुरक्षित आहेत?" त्यांनी मला विचारलं.

"हो सर."

"नक्की?"

"नक्की. ते आकडे पाठवण्यापलीकडे कुठेही गेलेले नाहीत. प्रत्येक दिवसाची नोंद आहे."

ते सरोदेभाऊंकडे वळले. "मग उभे काय आहात, सरोदे? बसा ना." आणि त्यांनी बेल वाजवून आस्थापना विभागातल्या झाडेबाईंना बोलावलं. झाडेबाई आल्या, ऐकलं आणि सरळ म्हणाल्या, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं, पगार तोच. कायदा आहे, आजचा नाही, जुना आहे.

सरोदेभाऊंनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग हळूच म्हणाले, "मला कोणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही कोणाला विचारलं होतं?" झाडेबाई म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी मी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. सोबत गोकर्णाबाई यायची होती, पण सकाळचं वाचन कोण करणार म्हणून ती थांबली. तोपर्यंत तिच्या नावाचं वाचनाच्या कामाचं तात्पुरतं नेमणूकपत्र निघालं होतं. ते तात्पुरतं पत्र पुढे चार वर्षं चाललं, स्वयंचलित यंत्र बसेपर्यंत. यंत्र बसलं तरी विद्यार्थ्यांना पाऱ्याच्या पातळीत डोळा ठेवून वाचायला तीच शिकवायची. आणि पेटीजवळ खुर्ची टाकून बसलेले सरोदेभाऊ, कोणी आकडा घाईने सांगितला की 'पुन्हा पाहा' म्हणायचे. दोन वर्षांनी ते पूर्ण पगारावर निवृत्त झाले, तरी त्या खुर्चीवर येऊन बसायचे. त्यांचा उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डावा एका शस्त्रक्रियेवर आणि रोजच्या थेंबांवर टिकला. समोरच्या माणसाचा चेहरा ओळखण्याइतका टिकला. मी आता मोठ्या शहरात हेच काम करते, हजारो उपकरणांच्या नोंदी एका जागी येतात. त्यात कोणी संशयित दिसला, तर पत्र लिहिण्याआधी केबलच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येते. एवढी सवय लागली.

पण त्या मंगळवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बराच वेळ यंत्रातून पाहिलं, डोळ्यांतला दाब मोजला, आणि काचबिंदू आहे म्हणाल्या. मग केसपेपर पुढे ओढून नेहमीचा प्रश्न विचारला.

"किती दिवसांपासून कमी दिसतंय?"

सरोदेभाऊ माझ्या दिशेला वळले. मी पिशवीतून तो कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. 'अज्ञात व्यक्ती' मी पेनने खोडलं होतं आणि वर त्यांचं नाव लिहिलं होतं.

डॉक्टरांनी तो वाचला, आधी भरभर, मग सावकाश. हे काय आहे ते मी समजावून सांगितलं. त्यांनी मान वर करून आमच्या दोघांकडे पाहिलं.

"माझ्याकडे रोज शंभर पेशंट येतात. विचारलं की म्हणतात, असंच, काही दिवसांपासून. तारखेनिशी कोणी आणत नाही." त्यांनी ड्रॉवरमधून स्टेपलर काढला. "हे मी ठेवून घेतलं तर चालेल?"

स्टेपलरचा आवाज झाला. सरोदेभाऊंनी कान टवकारले.

"काय लावलं?"

"तुमच्या चुका, भाऊ," मी म्हणाले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि थेंब घालून घ्यायला त्यांनी मान मागे टाकली. "मधल्या एक-दोन गाळल्या असत्या, तर यांना खरा चढ समजला नसता."